संपाच्या दिवशीची मॅडम

हिंगोली, २७ जानेवारी २०२५

निता,

नांदेडच्या दवाखान्यात, पुजाला आत नेलं होतं तेव्हा, तिची बहीण म्हणून तू मला एकच विचारलंस. "मॅडम, त्या दिवशी तुमी मैदानावर व्हता का न्हाई? व्हय म्हना, नायतर न्हाई म्हना." मी म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतात?" तू उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसलीस. त्यानंतर तुझा फोन मला लागत नाही. पोलीस प्रशिक्षण केंद्राचा पत्ता ऐश्वर्याने दिला. तिथे फोन काढून घेतात, पण पत्र हातात देतात, असं ती म्हणाली.

तर उत्तर. नाही. मी नव्हते.

७ जानेवारीला, मंगळवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी रस्त्याच्या पलीकडे संपाच्या मंडपात बसून होते. एकदाही हलले नाही. फोटो आहेत.

तू पोलिसात गेल्यापासून इथे काय काय झालं ते तुला अर्धंच कळलं असेल. आम्ही नऊ जण संपावर होतो. फिजिओ म्हणून मी, प्रथमोपचाराची मुलं, रुग्णवाहिकेवरचे दोघे. सगळे कंत्राटी. पेपरात पगाराचं आलं, ते खोटं. वसमतच्या कबड्डी स्पर्धेत मी खांदा निखळलेल्या मुलीला बाहेर बसवलं होतं आणि स्पर्धा समितीच्या माणसाने दहा मिनिटांत तिला पुन्हा मॅटवर उभं केलं होतं, आठवतं? तू माझ्याबरोबर भांडायला आली होतीस. आमची मागणी तेवढीच होती. आम्ही "बाहेर" म्हटलं की बाहेर. त्यावर कुणाचा शब्द चालायचा नाही.

खेळणाऱ्या मुलींना सोडून बसायचं का, यावर आम्ही तीन दिवस वाद घातला. स्वानंद आमचा पुढारी. तो म्हणाला, "नियमच आहे. वैद्यकीय पथक हजर नसेल तर पंच शिट्टी वाजवत नाही. आपण नाही तर सामना नाही, सामना नाही तर कुणाला लागणार नाही." मी नियम दोनदा वाचला. मग सही केली.

सामना झाला. उत्तरार्धात पुजाचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. ती उठली, पुन्हा चढाईला गेली आणि पुन्हा पडली. पुढचं तू दवाखान्यात पाहिलंस.

आता जे मला समजत नाही ते लिहिते. संघातल्या अकराही मुली सांगतायत की मी तिथे होते. सकाळी त्यांचे घोटे मी बांधले. पहिल्यांदा पडल्यावर पुजाजवळ मी बसले. पुजाही तेच सांगते. चौकशी १२ फेब्रुवारीला आहे.

पुजा कशी आहे? मला कुणी सांगत नाही.

अबोली

हिंगोली, ६ फेब्रुवारी

निता,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

परवा ऐश्वर्या घरी आली. कर्णधार झाल्यापासून ती फार पोक्त बोलते. बाबांनी तिला बसवलं, पोहे दिले. ती पोह्यांना हात लावेना.

"मॅडम, तुमी काहून खोटं बोलून राहिल्या?"

"मी मंडपात होते, ऐश्वर्या. पेपरात फोटो आहे."

"फोटो आमी बी पाह्यला. पर तुमी आमच्याकडं बी व्हत्या."

"बरं. काय बोलले मी तुमच्याशी?"

"काईच न्हाई. तेच तर! एरवी पाय हातात घेतला का तुमचं सुरू. पानी किती पेली, झोपली किती वाजता, सकाळी काय खाल्लं. त्या दिवशी एक शब्द न्हाई. शितल म्हनली बी, मॅडम आल्या पर मॅडमचा घसा संपावर गेला. आमी लई हसलो. तुमी हसल्या न्हाईत."

मी विचारलं की असं होतं तर तेव्हाच कुणाला का सांगितलं नाही. ती म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी चोरून आल्या. तुमच्या लोकायनी पाह्यलं तर तुमाला तकलीफ व्हईन. मनून आमी सगळ्याजनी ठरवलं, त्या दिवशी तोंड उघडायचं न्हाई."

माझ्यासाठी त्या गप्प बसल्या. मी नव्हते तिथे, आणि त्या मला लपवत होत्या.

मी आणखी विचारलं. कपडे कोणते होते? निळा ट्रॅकसूट, नेहमीचा. कुठे बसले होते? "खाली, उकिडव्या. खुर्चीवर तुमची बॅग व्हती ना." आणि गेले कधी? हे तिला सांगता येईना. रुग्णवाहिका नव्हती म्हणून पुजाला जीपमध्ये घालायची घाई झाली, तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं तर कुणी नव्हतं.

मग तिने पिशवीतून घोट्याची पट्टी काढली. त्या दिवशीची, कापलेली. तिने जपून ठेवली होती. तुला ठाऊक आहे, मी शेवटचं टोक दुमडून त्याचा छोटा कान करते, म्हणजे सोडवताना नख लावावं लागत नाही. तुम्ही त्याला 'मॅडमचा कान' म्हणून हसायचात. जिल्ह्यात दुसरं कुणी तसं करत नाही. पट्टीला कान होता. मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली. वेढे मोजले. टाचेखालून जाणारा आडवा वेढा मी जरा तिरका घेते, ती माझी खोड आहे. तोही तिरका होता.

बॅगेबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे पंच फिजिओला बघत नाही, फिजिओच्या खुर्चीला बघतो. मी घोटे बांधायला, पाणी आणायला मैदानभर फिरत असते, म्हणून मॅटच्या टोकाला खुर्चीवर बॅग ठेवायची ही वर्षानुवर्षांची पद्धत. बॅग दिसली की पथक हजर. त्या दिवशी पंचाने खुर्ची पाहिली आणि शिट्टी वाजवली. बॅग मी आदल्या संध्याकाळी तिथे विसरले होते.

ऐश्वर्या जाताना म्हणाली, "पुजा घरी आली. डावा हात उचलत न्हाई, बोलनं सावकाश. सगळ्याला एकच सांगती. मॅडमनी मान धरली आन् 'बस' म्हनल्या. एकच शब्द. म्याच आयकलं न्हाई, उठून गेले. माझीच चूक. मॅडमला सांगा, माफ करा मनून."

मला माफ करा म्हणते ती.

अबोली

हिंगोली, १४ फेब्रुवारी

निता,

चौकशी झाली. काय झालं ते आधी लिहिते, मग दुसरं.

दाराबाहेर समितीचे मोहनसिंग भेटले. त्यांनीच सामना चालू ठेवला होता. पाण्याची बाटली पुढे करून म्हणाले, "मॅडम, पोरी म्हनूनच राहिल्या, तुमी व्हत्या. तुमी बी व्हय म्हना. तुमी बस म्हनलं, पोरगी आयकली न्हाई. कुनाचाच दोष न्हाई. इषय संपला." दुसऱ्या बाजूने स्वानंद आला. "नव्हते म्हण. खरंच नव्हतीस. जबाबदारी समितीची, आपली मागणी सिद्ध होते."

दोघांच्याही म्हणण्यात मी सुटत होते, हे माझ्या लक्षात आलं. आत गेल्यावर मी जबाबासाठी मुदत मागितली. १० मार्चपर्यंत मिळाली.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, एकदाही हलले नाही. दुसऱ्यात लिहिलं, बॅग विसरले. दोन्ही खोटं आहे.

बॅग मी ठेवून आले. सोमवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, पट्ट्या, बर्फाच्या पिशव्या, कात्री, सगळं नीट भरून खुर्चीवर ठेवली. मला वाटलं, सामना होणारच नाही, पण झालाच तर मुलींच्या हाताशी काहीतरी असावं. मी संपावर जाणार होते आणि पूर्ण जाणारही नव्हते. पंच खुर्ची बघतो हे मला माहीत नव्हतं का? सात वर्षं मीच तशी बॅग ठेवत आले आहे.

आणि मी हललेही. दुपारी दीडच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. नळ मैदानाच्या फाटकाशी आहे. आतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून फाटकाच्या गजांतून पाहिलं. पुजा पडलेली होती. उठताना तिने हात टेकला तो जमिनीपासून वीतभर वर, हवेत, जणू जमीन तिथे आहे. मग ती उठून आपल्या बाजूला जायचं सोडून समोरच्या मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मुली हसल्या. मी हसले नाही. असं दिसलं की काय समजायचं ते मला शिकवलं आहे. या मुलीने आज पुन्हा मॅटवर पाय ठेवायचा नाही, हे तेव्हाच, फाटकाशी, मला कळलं होतं.

फाटकापासून मॅट चाळीस पावलं असेल.

मागून स्वानंदने हाक मारली, "अबोली, लवकर ये, फोटो घेतायत." मी वळले, आणि वळताना पुन्हा आत पाहिलं. पुजाला खाली बसवलेलं होतं आणि तिच्याजवळ कुणीतरी उकिडवं बसलं होतं. निळ्या कपड्यातली बाई, पाठमोरी. एक हात पुजाच्या मानेमागे, दुसरा कपाळावर. अगदी बरोबर धरलं होतं तिने. मला इतकं हलकं वाटलं, निता. मनात म्हटलं, चला, कुणीतरी आहे. मी पाणी न पिताच परत गेले आणि फोटोसाठी उभी राहिले. पेपरात आला तो हाच फोटो. त्यात मी हसते आहे.

ती कोण, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पाठ ओळखीची वाटली होती. स्वतःची पाठ माणूस कधी बघत नाही, म्हणून कळली नसेल.

अबोली

हिंगोली, ५ मार्च

निता,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. चारच ओळी होत्या, पण तुझं अक्षर पाहून मी ते उभ्यानेच वाचलं.

"याडी सांगते, तुम्ही दर मंगळवारी तांड्यावर येता आणि पुजाला चालवता. ती आता दाराच्या बाहेर पाऊल टाकते. त्याबद्दल आभार. बाकी तुमच्या चुका मला लिहू नका, जिथे सांगायच्या तिथे सांगा."

निता, मी तुमच्या तांड्यावर एकदाही गेलेले नाही. जायचं ठरवलं, दोनदा बसस्थानकापर्यंत गेले, आणि परत आले. तुझ्या याडीपुढे, मोतीबाईंपुढे काय तोंड घेऊन जायचं हे सुचेना.

काल मंगळवार होता. सकाळच्या गाडीने सेनगाव, तिथून साखरा. फाट्यापासून तांड्यापर्यंत पायी. वाट एकच आहे, दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली मोकळी रानं. लांबपर्यंत सगळं दिसतं. मला वाटेत कुणी भेटलं नाही.

अंगणात तुझी आई हरभरा पाखडत होती. तिने मान वर केली आणि सूप हातातच राहिलं.

"आवं, आत्ताच तर गेल्या तुमी. काई राह्यलं का?"

बाजेखाली कप होता. अर्धा चहा तसाच. मी कुणाकडेही अर्धाच चहा पिते, तुला माहीत आहे. हात लावून पाहिला, कोमट होता.

अंगणात चुन्याची सरळ रेघ ओढलेली होती, पुजाला चालवायला. रेघेवर तिच्या अनवाणी पावलांचे ठसे, डावं जरा फरफटलेलं. शेजारून बुटांचे ठसे, तिच्या बरोबरीने गेलेले आणि आलेले. मी माझा पाय एका ठशाशेजारी ठेवून दाबला. मग उचलून पाहिलं. माझ्या उजव्या बुटाचा तळ टाचेला झिजला आहे. दोन्ही ठशांत झीज होती.

तांड्याच्या पलीकडे वाट नाही, ओढा आणि माळ आहे. मी मोतीबाईंना विचारलं, ती कुठल्या बाजूने गेली. त्या हसल्या. "तुमी कुठून गेल्या ते मला इचारता व्हय?" मग म्हणाल्या, "राह्यलं का काई?"

"हो," मी म्हटलं. "पुजाला एक सांगायचं राहिलं."

पुजा दारात खुर्ची टाकून बसली होती. ऑपरेशनला काढलेले केस अजून पुरते वाढलेले नाहीत. मला पाहून ती हसली, एका बाजूने. मी तिच्यासमोर खाली बसले आणि बोलायला लागले, कारण थांबले असते तर पुन्हा बस गाठली असती.

"पुजा, त्या दिवशी मी तुझ्याजवळ नव्हते. मी फाटकाशी होते. तू पडलीस ते मी पाहिलं. तुला बाहेर काढायला हवं हे मला समजलं. मी आत आले नाही. फोटो काढायला गेले. बॅगही मीच ठेवली होती, म्हणून सामना सुरू झाला. मी तुला बस म्हटलेलं नाही. तू माझं ऐकलं नाहीस असं झालेलंच नाही. तुझी चूक नाही."

शब्द जुळवायला तिला वेळ लागतो.

"पर... आवाज तुमचा व्हता."

"असेल. मी नव्हते."

"मंग ती कोन?"

"मला माहीत नाही."

"पर तिनं बस म्हनलं."

"ती म्हणाली असेल, पुजा. म्हणायचं काम माझं होतं. तू सोळा वर्षांची आहेस, डोक्याला मार लागला होता. तेव्हा तुला विचारायचंच नसतं. धरून बाहेर न्यायचं असतं. ते करायला मी हवी होते."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. चेहरा हळूहळू कडक होत गेला. मॅटवर समोरच्या खेळाडूकडे बघते तसा.

"दोन महिने," ती म्हणाली, "मी सगळ्याची माफी मागून राहिले."

"हो."

"तुमची बी मागितली."

"हो."

"सांगून झालं तुमचं?"

"झालं."

"मंग जावा. तुमी नका येऊ." तिने अंगणातल्या रेघेकडे पाहिलं. "त्या येतात. बराबर येतात."

मोतीबाई धावत आल्या. "असं बोलत्यात का मॅडमला! मनावर घिऊ नका बाई, डोस्क्याला लागल्यापून अशीच काई बी बोलती."

"ती बरोबर बोलते," मी म्हटलं. मोतीबाईंना ते कळलं नाही. त्यांनी मला हरभरा बांधून दिला. मी परत एकटीच फाट्यापर्यंत चालत आले. मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही.

अबोली

हिंगोली, २५ मार्च

निता,

जबाब १० तारखेला दिला. लेखी. मैदानावर हजर नव्हते, फाटकातून पाहिलं आणि गेले नाही, बॅग जाणूनबुजून ठेवली. मुलींनी जिला पाहिलं ती मी नव्हे, आणि ती कोण ते मला सांगता येत नाही. अधिकाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

मोहनसिंगांना समितीतून जावं लागलं. माझं कंत्राट संपवलं. स्वानंद म्हणाला, तू संप बुडवलास. मी म्हटलं, संप बरोबर होता, मी तो अर्धाच केला. अर्धा संप करता येत नाही आणि अर्धं काम करता येत नाही. तो म्हणाला, हे भाषण आधी का नाही केलंस. बरोबर आहे त्याचं. आमची मागणी मात्र विचाराधीन आहे असं कळतं, आणि पंचांनी खुर्चीऐवजी माणूस बघायचा असा तोंडी आदेश निघाला आहे.

तू लिहिलंस, चुका मला लिहू नका. ही चूक नाही, म्हणून लिहिते.

११ मार्चला, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला मी बाबांच्या टेबलाशी पेपर वाचत बसले होते. उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. तळव्यावर एकदम वजन आलं. हात बधिर झाला असेल म्हणून झटकायला गेले, आणि वजन घाबरल्यासारखं अंगठ्याच्या मुळाशी आवळलं. हे मी ओळखते. पहिल्यांदा चालायला उभा केलेला माणूस असाच हात धरतो, सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी. मी झटकणं थांबवलं. पाऊण तास तशीच बसले. बाबा दोनदा चहाला हाक मारून गेले.

१८ तारखेला पुन्हा. त्या दिवशी भार तळव्यावर सारखा पसरला होता. मधूनमधून पुजाचं डावं पाऊल अडकलं की जोर यायचा, मग कमी व्हायचा. किती पावलं झाली ते मी मोजू शकत होते.

आज मी मुद्दाम सकाळीच टेबलाशी जाऊन बसले. अकराला हात उताणा ठेवला. वजन आलं, पण या वेळी फक्त बोटांच्या टोकांवर. पडायची भीती गेली की माणूस तळहात सोडतो आणि नुसती बोटं धरतो, सवय म्हणून. मला हात हलवायचा नव्हता, श्वाससुद्धा मी जपून घेत होते. अठ्ठावीस पावलं झाली. मग तिने बोटंही सोडली.

अबोली